भिंतीआडची रेंज आणि रुग्णवाहिकेचा फोन

भारत संचार निगमने २०२६ च्या सुरुवातीला देशभरातल्या आपल्या ग्राहकांसाठी ‘वाय-फाय कॉलिंग’ खुले केले. खासगी कंपन्यांकडे ही सोय आधीपासून होती. एअरटेलने डिसेंबर २०१९ मध्ये, जिओने जानेवारी २०२० मध्ये आणि व्होडाफोन-आयडियाने डिसेंबर २०२० मध्ये ती सुरू केली. या शेवटच्या कंपनीने तर पहिली सुरुवातच महाराष्ट्र-गोवा आणि कोलकाता या परिमंडळांत केली होती. सरकारी कंपनीही आल्यामुळे आता शहरातल्या फ्लॅटपासून डोंगरातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रापर्यंत ही सोय निदान कागदावर तरी सर्वांना उपलब्ध झाली आहे. दूरसंचाराची बातमी म्हणून ती छापून आली आणि मागे पडली. पण रुग्णालयात काम करणाऱ्या माणसाला ती आरोग्याची बातमी वाटते. का, ते सांगतो.

आधी ही गोष्ट काय आहे ते पाहू. नेहमीचा कॉल आपल्या फोनमधून जवळच्या टॉवरकडे जातो आणि तिथून कंपनीच्या यंत्रणेत. वाय-फाय कॉलिंगमध्ये टॉवरचा टप्पा गळतो. फोन घरातल्या किंवा कचेरीतल्या राऊटरमार्फत इंटरनेटवरून कंपनीच्या यंत्रणेपर्यंत एक कुलूपबंद बोगदा तयार करतो, सिमकार्डवरून स्वतःची ओळख पटवतो आणि आवाज त्यातून पाठवतो. नंबर तोच, पलीकडच्या माणसाकडे साधा लँडलाइन असला तरी चालते, वेगळे ॲप लागत नाही. व्हॉट्सॲपच्या कॉलशी याची गल्लत करू नये. व्हॉट्सॲपवर पलीकडेही व्हॉट्सॲपच लागते. रक्तपेढीचा लँडलाइन, वॉर्डातला फोन किंवा १०८ व्हॉट्सॲपवरून लागत नाही. बाका प्रसंग आला की नेमके हेच नंबर लागतात.

आता रुग्णालयाची इमारत डोळ्यांसमोर आणा. जुनी सरकारी रुग्णालये दगडी भिंतींची. नवी असतील तर काँक्रीट आणि लोखंडी सळ्यांची, दर्शनी भागाला धातूचा पातळ थर दिलेली काच. क्ष-किरण खोलीच्या ज्या भिंतीवर मुख्य झोत पडतो ती किमान ३५ सेंटीमीटर जाड विटांची किंवा तेवढीच रोधक असावी, असा अणुऊर्जा नियामक मंडळाचा दंडक आहे. एमआरआयची खोली तर चारही बाजूंनी धातूच्या पत्र्यात गुंडाळलेली असते, कारण बाहेरच्या रेडिओलहरी आत शिरल्या तर प्रतिमा बिघडते. बऱ्याच ठिकाणी अशा खोल्या, भांडार, कधी रक्तपेढीसुद्धा तळमजल्यावर किंवा तळघरात. ४जी आणि ५जीसाठी वापरल्या जाणाऱ्या लहरींपैकी बऱ्याचशा जास्त कंप्रतेच्या आहेत. कंप्रता वाढली की भिंत ओलांडण्याची ताकद कमी होते. म्हणजे माणसाला बाहेरच्या जगाशी बोलण्याची सर्वांत जास्त गरज जिथे पडते, तीच इमारत रेंज अडवण्यासाठी बांधल्यासारखी असते.

याचे परिणाम आम्ही रोज पाहतो. अतिदक्षता विभागाबाहेर बसलेले नातेवाईक रेंजसाठी जिन्यात किंवा फाटकाशी जातात आणि नेमक्या त्याच वेळी संमतीपत्रावर सही हवी असते. ऑनकॉल भूलतज्ज्ञ दुसऱ्या इमारतीच्या तळघरात असतो आणि त्याचा फोन ‘संपर्क क्षेत्राच्या बाहेर’. शेवटी वॉर्डबॉयला पळवावे लागते. प्रसूतीनंतरच्या रक्तस्रावात पाच-दहा मिनिटे ही चैन नसते. वाय-फाय इथे उपयोगी पडते, पण ते भिंतीतून आरपार जाते म्हणून नव्हे. त्या बाबतीत तेही टॉवरच्या लहरींइतकेच दुबळे आहे. फरक एवढाच, की राऊटरची केबल भिंत ओलांडून आत नेता येते. तळघरात एक ॲक्सेस पॉइंट बसवला की तिथे फोन वाजतो. टॉवर आत आणता येत नाही. इमारतीत टॉवरचे संदेश फिरवणारी अँटेनांची जाळी बसवता येते, पण त्याला खर्च मोठा आणि कंपन्यांचे सहकार्य लागते.

ही बातमी आली की रुग्ण विचारतात तो प्रश्न मात्र वेगळाच असतो. ‘डॉक्टर, वाय-फायवरून बोलले तर रेडिएशन जास्त की कमी?’ प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर थोडे सविस्तर द्यायला हवे.

पहिली अडचण भाषेची. मराठीत आपण सरसकट ‘किरणोत्सर्ग’ म्हणतो. युरेनियमचाही किरणोत्सर्ग आणि मोबाइलचाही. वस्तुतः रेडिओलहरींसाठी ‘प्रारण’ हा शब्द आहे आणि तो वापरला तर निम्मी भीती तिथेच ओसरेल. क्ष-किरण आणि गॅमा किरण पेशीतल्या रेणूंचे बंध तोडू शकतात. मोबाइल किंवा वाय-फायच्या लहरींच्या अंगी तेवढी ऊर्जा नसते. त्यांचा सिद्ध झालेला परिणाम म्हणजे ऊतींना किंचित ऊब येणे. म्हणून मोजमापही त्याचेच होते. एक किलो ऊतीत किती वॉट शोषले जातात, त्याला ‘सार’ मूल्य म्हणतात. भारतात १ सप्टेंबर २०१२ पासून ही मर्यादा एक ग्रॅम ऊतीच्या सरासरीवर किलोमागे १.६ वॉट आहे. आपल्या फोनवर *#०७# हा कोड इंग्रजी आकड्यांत दाबला तर त्याचे मूल्य दिसते.

आता तुलना. जुन्या २जी फोनची कमाल ताकद क्षणिक २ वॉट, सरासरीने पाव वॉट. ४जी फोनची सर्वसाधारण कमाल ०.२ वॉट. वाय-फायवर फोन सहसा ०.१ वॉट किंवा त्याहून कमी ताकदीने बोलतो. पण कमाल आकड्यांवरून निष्कर्ष काढणे चुकीचे, कारण मोबाइल फोन आपली ताकद सतत बदलत असतो. टॉवर जवळ असेल, रेंज भरपूर असेल तर तो कुजबुजतो. रेंज अंधुक असली की ओरडतो. चांगल्या रेंजमध्ये ही ताकद कमाल पातळीच्या कित्येक शेकडो पटींनी खाली येते. म्हणजे मोकळ्या मैदानात टॉवरवरून बोलणे आणि वाय-फायवरून बोलणे यांत काळजी करण्यासारखा फरक नाही. जाड भिंतीआड, एका काडीच्या रेंजवर कानाला लावलेला फोन मात्र वाय-फायपेक्षा निश्चित जास्त ताकद लावतो. बॅटरीही त्यामुळेच लवकर उतरते. सोसायटीच्या गच्चीवर टॉवर नको म्हणून मोर्चा काढायचा आणि मग घरात फोन कमाल ताकदीवर चालवून डोक्याशी धरायचा, हा आपल्या शहरांतला नित्याचा विरोधाभास यातून समजावा.

कर्करोगाचे काय? आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने मे २०११ मध्ये रेडिओलहरींना ‘कदाचित कर्करोगकारक’ अशा २-ब गटात टाकले. तो शेरा अजूनही समाजमाध्यमांवर फिरतो. त्याच गटात कोरफडीच्या संपूर्ण पानाचा अर्कही आहे. पुरावा तोकडा आहे, पण शंका पूर्ण फेटाळता येत नाही, एवढाच त्या गटाचा अर्थ. त्यानंतर पुष्कळ पाणी वाहून गेले. जागतिक आरोग्य संघटनेने करवून घेतलेला आढावा सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. १९९४ ते २०२२ या काळातले ६३ अभ्यास त्यात तपासले होते. मोबाइलच्या वापराचा मेंदूच्या कर्करोगाशी संबंध त्यात आढळला नाही, दहा वर्षांहून जास्त वापर असणाऱ्यांमध्येही नाही. त्यामुळे रेडिएशन कमी व्हावे म्हणून वाय-फाय कॉलिंग घ्या, असे मी कोणाला सांगणार नाही. आणि रेडिएशनच्या भीतीने ते बंद ठेवा, असे तर मुळीच नाही. पेसमेकर असणाऱ्यांनी फोन छातीवरच्या खिशात ठेवू नये, यंत्रापासून किमान पंधरा सेंटीमीटर लांब ठेवावा, ही सूचना कायम आहे. पण तिचे मुख्य कारण हल्लीच्या फोनमधली चुंबके हे आहे.

फोनच्या ताकदीचा हा मुद्दा एका ठिकाणी मात्र खरोखर महत्त्वाचा ठरतो. ते ठिकाण म्हणजे अतिदक्षता विभाग. २००७ साली दोन अभ्यास आले आणि त्यांनी अगदी उलट गोष्टी सांगितल्या. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकने ७५ रुग्णकक्षांत ३०० चाचण्या केल्या. मोबाइलमुळे वैद्यकीय उपकरणात दखलपात्र बिघाड एकदाही झाला नाही. त्याच वर्षी नेदरलँड्समधल्या संशोधकांनी ६१ उपकरणे तपासली आणि त्यांतल्या २६ उपकरणांत अडथळा आला. काही व्हेंटिलेटर आणि सलाइनचे पंपही त्यात होते. दोघांपैकी कोणी खोटे बोलत नव्हते. मेयोने नेहमीच्या वापरातले फोन रुग्णकक्षात नेहमीसारखे वापरून पाहिले. डचांनी त्या वेळच्या २जी आणि ३जीचे संदेश मुद्दाम भरपूर ताकदीने सोडले. त्यातही निम्मे अडथळे तीन सेंटीमीटर किंवा त्याहून कमी अंतरावर आले. म्हणजे सारा खेळ ताकदीचा आणि अंतराचा. रेंज नसलेल्या कक्षात, व्हेंटिलेटरला टेकवून ठेवलेला, टॉवर शोधत ओरडणारा फोन ही त्यातली सर्वांत वाईट स्थिती. कक्षात चांगले वाय-फाय असले की फोनला बोलताना ओरडावे लागत नाही. शिवाय नव्या उपकरणांना अशा लहरींपासून पुरेसे कवच असते. तरीही उपकरणापासून हातभर अंतर ठेवावे. ‘मोबाइल वापरू नये’ ही सरसकट पाटी लावण्यापेक्षा ‘यंत्राजवळ फोन ठेवू नये’ ही पाटी जास्त खरी आहे आणि ती पाळलीही जाईल.

इथवर वाय-फाय कॉलिंगची बाजू घेतली. आता त्याचे दुखणे.

घरात रात्री दोन वाजता वडिलांच्या छातीत दुखू लागले. टॉवरची रेंज नाही, वाय-फाय आहे. आपण १०८ लावतो. नेहमीच्या कॉलमध्ये निदान कोणत्या टॉवरवरून फोन आला ते यंत्रणेला कळते. शहरात त्यावरून काही शे मीटरचा परिसर समजतो, खेड्यात काही किलोमीटरचा. वाय-फायवरून गेलेल्या कॉलला टॉवरच नसतो. तो इंटरनेटच्या कुठल्या तोंडातून आत शिरला एवढेच कंपनीला दिसते आणि ते तोंड दुसऱ्या शहरातही असू शकते. अमेरिकेत म्हणूनच वाय-फाय कॉलिंग सुरू करताना ग्राहकाकडून आपत्कालीन पत्ता आधीच भरून घेतात. आपल्याकडे दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, ऑक्टोबर २०१७ मध्ये इंटरनेटवरून फोन करण्याच्या सेवेबाबत शिफारशी केल्या. त्यात म्हटले होते, की आपत्कालीन क्रमांकांची सोय देण्यास कंपन्यांना उत्तेजन द्यावे, पण सध्या सक्ती करू नये. मात्र या सेवेची मर्यादा ग्राहकाला निःसंदिग्ध शब्दांत सांगितली जावी. त्यातले पहिले वाक्य त्या काळी व्यवहार्य असेल. दुसऱ्या वाक्याचे काय झाले? तुम्ही फोनमध्ये वाय-फाय कॉलिंगचे बटण सुरू केले तेव्हा कोणी तुम्हाला मराठीत समजेल असे काही सांगितले का? जाहिरातीत ‘आता घरात कुठेही बोला’ एवढेच असते.

इथे एक तपशील प्रत्येकाने लक्षात ठेवावा. ११२ आणि १०८ फोनच्या दृष्टीने सारखे नाहीत. ११२ हा आंतरराष्ट्रीय मानकातला आपत्कालीन क्रमांक आहे, फोनच्या रचनेतच तो कोरलेला असतो. तो लावला की आपल्या कंपनीची रेंज नसली तरी फोन दुसऱ्या कोणत्या कंपनीचा टॉवर हाताशी लागतो का, ते शोधतो. १०८ ला ही वागणूक मिळेलच असे नाही, अनेक फोन त्याला साधा नंबर समजतात. महाराष्ट्रात १०८ ची सेवा २०१४ पासून आहे, ९३७ रुग्णवाहिकांनी ती सुरू झाली आणि लोकांच्या तोंडी तोच आकडा बसला आहे. तो राहू द्या. पण १०८ लागला नाही तर वेळ न घालवता ११२ लावावा. तिथून पोलीस, अग्निशमन आणि रुग्णवाहिका या तिन्हींकडे निरोप जाऊ शकतो. शिवाय जवळच्या रुग्णालयाचा आणि ओळखीच्या रुग्णवाहिकेचा पूर्ण दहा-अकरा आकडी नंबर फोनमध्ये साठवून ठेवावा. वाय-फायवर तो साधा कॉल म्हणूनच जातो.

दुसरे दुखणे विजेचे. टॉवरला बॅटरी असते, अनेकदा डिझेलचा जनित्र-संचही. घरातला राऊटर वीज गेल्याक्षणी डोळे मिटतो. पावसाळ्यात कोकणात किंवा विदर्भात वीज किती वेळा जाते हे सांगायला नको. जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात रायगड जिल्ह्यात वीज आणि मोबाइल दोन्ही कोसळले होते. जुलै २०२१ च्या चिपळूणच्या पुरातही तेच. अशा मोठ्या आपत्तीत वाय-फाय कॉलिंग तारणहार ठरत नाही, कारण तेही त्याच तारांवर आणि त्याच विजेवर उभे आहे. पण रोजच्या तास-दोन तासांच्या भारनियमनात राऊटर इन्व्हर्टरवर असेल तर काम भागते. बाजारात राऊटरसाठी छोटे बॅटरी संचही मिळतात. घरी ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरवर असलेला किंवा अंथरुणाला खिळलेला रुग्ण असेल तर ही खरेदी औषधाइतकीच गरजेची समजावी. रुग्णालयांत तर राऊटर आणि त्यामागचे स्विच आपत्कालीन वीजवाहिनीवरच हवेत. किती ठिकाणी ते साध्या प्लगला लावलेले असतात आणि पंखा लावायला कोणीतरी तो प्लग काढतो, हे तपासून पाहण्यासारखे आहे.

तिसरे दुखणे आवाजाचे, आणि डॉक्टर म्हणून मला ते सर्वांत जास्त सतावते. वाय-फायवरचा आवाज वीस-वीस मिलिसेकंदांच्या तुकड्यांत, सेकंदाला पन्नास छोट्या पाकिटांनी जातो. त्याला इंटरनेटचा वेग फारसा लागत नाही, जुन्या मंद जोडणीवरही तो मावतो. पण पाकिटे वेळेवर पोचावी लागतात. एकाच राऊटरवर वॉर्डातले तीस-चाळीस जण क्रिकेट पाहत असतील तर आवाजाची पाकिटे त्या गर्दीत अडकतात आणि शब्द गळतात. बाह्यरुग्ण विभागात केसपेपरच्या रांगेत सर्वांना एकाच ओळीत उभे केले तर अपघाताचा रुग्णही पायावर मलम मागणाऱ्याच्या मागे राहील, तसेच हे. त्यावर उपायही तोच, आवाजाला रांग मोडून पुढे घेणे. चांगल्या राऊटरमध्ये ही सोय असते, फक्त कोणीतरी ती सुरू करावी लागते.

शब्द गळला तर काय होते? फोनवरून ‘इन्सुलिन बारा युनिट द्या’ असे सांगितले आणि पलीकडे ‘बावीस’ ऐकू आले तर रुग्णाची साखर धोकादायक पातळीपर्यंत घसरू शकते. मराठी अंकांत अशा जोड्या पुष्कळ आहेत. एकोणसाठ आणि एकोणसत्तर, त्रेपन्न आणि त्रेसष्ट. म्हणून फोनवरून मात्रा किंवा तपासणीचा आकडा सांगताना तो सुटा सांगावा, ‘एक-दोन, बारा’. आणि ऐकणाऱ्याने लिहून घेऊन परत वाचून दाखवावा. रुग्णसुरक्षेच्या शास्त्रात ही जुनी आणि मान्य रीत आहे. घरी आईवडिलांना फोनवरून गोळ्या सांगणाऱ्या पुण्या-मुंबईतल्या किंवा परदेशातल्या मुलामुलींनाही ती तितकीच लागू आहे.

गोपनीयतेची शंकाही काही जण काढतात. रुग्णालयाच्या खुल्या वाय-फायवर बोललो तर कोणी ऐकेल का? कॉल कंपनीच्या कुलूपबंद बोगद्यातून जातो, राऊटरच्या मालकाला त्यातले बोलणे ऐकू येत नाही. खरा धोका बोलण्यात नाही, ‘वाय-फाय कॉलिंग चालू करून देतो, ओटीपी सांगा’ म्हणणाऱ्या माणसात आहे. ही सोय फोनच्या सिमच्या सेटिंगमध्ये आपणच सुरू करायची असते आणि त्याला वेगळे पैसे पडत नाहीत.

भारत संचार निगमच्या निर्णयाचा सर्वांत मोठा उपयोग व्हायला हवा तो मेळघाट, धडगाव, भामरागड अशा भागांत. डोंगराच्या कुशीतल्या उपकेंद्रावर टॉवरची रेंज पोचत नाही, पण भारतनेटची फायबर ग्रामपंचायतीपर्यंत नेण्याची योजना आहे. ती तार ग्रामपंचायतीतून पुढे उपकेंद्रापर्यंत ओढली आणि सौर पॅनेलवर एक राऊटर बसवला, तर आशा कार्यकर्ती टेकडीवर न चढता प्रसूतीसाठी गाडी बोलावू शकेल. यात नवे तंत्रज्ञान काही नाही. केबल तुटली तर ती किती दिवसांत जोडली जाते आणि जोडायची जबाबदारी कोणाची, एवढ्याच प्रश्नावर सारे अडते. त्यासाठी आरोग्य खाते आणि दूरसंचार खाते यांनी एका टेबलावर बसावे लागेल. ऑक्टोबर २०२४ मध्ये ट्रायने इमारतींना आतल्या डिजिटल जोडणीवरून तारांकन देण्याचे विनियम काढले. तारांकन घेणे मालकाच्या मर्जीवर आहे. निवासी संकुले त्याची जाहिरात करतील. माझ्या मते हे तारांकन सर्वांत आधी सरकारी रुग्णालयांना सक्तीचे करावे आणि त्याचा कागद दर्शनी भिंतीवर लावावा. ऑक्सिजनची वाहिनी कुठून जाणार ते नकाशावर असते, तसे प्रसूतिगृहात आणि रक्तपेढीत फोन कशावर लागणार तेही असायला हरकत नाही.

तोवर घरच्या घरी एक करता येईल. टॉवरची रेंज नसलेल्या खोलीत उभे राहून, वाय-फाय सुरू ठेवून शेजाऱ्याला एक फोन लावून पाहा. लागतो का, आवाज तुटतो का? मग राऊटर बंद करून पुन्हा लावून पाहा. वीज गेल्यावर घरातली कोणती जागा कामाची आहे ते तेव्हा कळेल. आणि फ्रिजवर एक कागद चिकटवा. घाबरलेल्या माणसाला स्वतःचा पत्ता आठवत नाही आणि वाय-फायवरून आलेल्या कॉलचे ठिकाण पलीकडच्याला दिसेलच याचा भरवसा नाही. कागदावर मोठ्या अक्षरांत गाव, तालुका, गल्ली, इमारतीचे नाव, मजला, जवळची ठळक खूण लिहा. रात्री फाटकाची चावी कोणाकडे असते आणि लिफ्टमध्ये स्ट्रेचर मावते की नाही, हेही लिहा.